जहाज, तेल आणि तांदळाचं पोतं

मंडळी, या विकांताचा विषय जरा रुक्ष आहे हे आधीच सांगून टाकतो. चहा जवळ असू द्या. विषय आहे कस्टम्स ड्युटी, आणि तीसुद्धा आयात केलेल्या जहाजांवरची. 'आपल्याला काय करायचंय?' असं म्हणून पान बंद करणार असाल तर एक मिनिट थांबा. तुम्ही परदेशातून मागवलेल्या साध्या हेडफोनची किंमत ज्या कलमाखाली ठरते, त्याच कलमाखाली चाळीस हजार टनाच्या जहाजाचीही ठरते. फरक एवढाच की हेडफोन स्वतःच्या पायांनी चालत येत नाही.

आयातीचा कुठलाही फॉर्म बघा, त्यात दोन रकाने हमखास असतात. एक, माल काय आला. दुसरा, कोणत्या जहाजातून आला. आमच्या टीमकडे एका लॉजिस्टिक्सवाल्या क्लायंटचं काम आहे, त्यामुळे हे दोन रकाने माझ्यासमोर दिवसभर असतात. आता मला सांगा, कोणी जहाजच विकत घेऊन भारतात आणलं तर? माल म्हणजे जहाज आणि वाहन म्हणजेही तेच जहाज! आणि त्या जहाजाच्या पोटात डिझेल, वंगणाचं तेल, दोरखंड, रंगाचे डबे, सुटे भाग, खलाशांचा तांदूळ आणि कॅप्टनच्या केबिनमधला सोफा. यातलं 'माल' काय, 'जहाज' काय आणि 'जहाजावरचं सामान' काय? डेटाबेस लिहिणारा माणूस इथे डोकं धरून बसतो. कायदेवाले तर कित्येक वर्षं बसलेत.

यावर माझी दोन साधी मतं आहेत. पहिलं : कायद्याच्या सोयीसाठी जहाजाचे हवे तेवढे तुकडे करा, पण सगळ्या तुकड्यांच्या किमतीची बेरीज खरेदीदारानं खरोखर मोजलेल्या पैशाएवढीच यायला हवी. दुसरं : सवलत द्यायची तर नाव घेऊन, उघड द्या. व्याख्येच्या फटीतून ती कोणी काढून घेऊ नये आणि कोणी देऊही नये.

किंमत म्हणजे काय रे भाऊ?

आपला कस्टम्स ॲक्ट १९६२ चा. त्यातलं कलम १४ मूल्यांकनाचं. पूर्वी या कलमात एक काल्पनिक किंमत असायची, म्हणजे असा माल त्या वेळी त्या ठिकाणी साधारणपणे कितीला विकला जातो ती. २००७ मध्ये हे बदललं. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराशी जुळेल अशी व्याख्या आली आणि तिच्यासोबत २००७ चे मूल्यांकन नियमही आले. आता आधार म्हणजे ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू, थोडक्यात, तुम्ही प्रत्यक्षात दिलेली किंवा देणं लागत असलेली किंमत. त्यात आयातीच्या जागेपर्यंतची वाहतूक, विमा वगैरे मिळवायचं.

अधिकाऱ्याला शंका आली तर तो पुरावे मागू शकतो. समाधान झालं नाही तर जाहीर केलेली किंमत नाकारून पुढच्या पायऱ्यांवर जाऊ शकतो : तशाच मालाची किंमत, मिळत्याजुळत्या मालाची किंमत, आणि काहीच नाही जमलं तर शेवटची 'उरलीसुरली' पद्धत. म्हणजे चक्क इफ-एल्स-इफची शिडी. मला ही शिडी आवडते. पहिल्या पायरीवर माणसाच्या शब्दावर विश्वास आहे, आणि खाली उतरायला अधिकाऱ्याला कारण लागतं.

हेडफोनच्या बाबतीत हे सोपं आहे. जहाजाच्या बाबतीत पहिल्याच पायरीवर गाडी अडकते, कारण किंमत विचारायच्या आधी 'तू कोण?' हे विचारावं लागतं.

तू कोण?

टॅरिफच्या पुस्तकात जहाजांसाठी ८९ वा अध्याय आहे. मालवाहू आणि प्रवासी जहाजं ८९०१ मध्ये. ड्रेजर आणि समुद्रात तेल खोदणारे तरंगते प्लॅटफॉर्म ८९०५ मध्ये. आणि तोडण्यासाठी आणलेली जहाजं ८९०८ मध्ये. प्रत्येकाचा दर आणि सवलती वेगळ्या.

गंमत बघा. ८९०१ मधलं जहाज आणि ८९०८ मधलं जहाज यांत लोखंडाचा फरक काहीच नाही. तेच इंजिन, तोच पंखा, तोच भोंगा. फरक आहे मालकाच्या मनात! तो जहाज चालवणार आहे की तोडणार आहे? आणि मन बदललं तर? त्याचाही विचार आपल्याकडे फार आधी झाला होता. १९५८ च्या एका अधिसूचनेत समुद्रगामी जहाजांना ड्युटीतून सूट होती, तोडायला आणलेली सोडून. आणि सूट घेऊन आणलेलं जहाज पुढे कधी तोडलं, तर ते जणू तोडण्यासाठीच आणलंय असं धरून ड्युटी भरायची. मग साहजिकच पुढचा प्रश्न : किंमत कोणत्या दिवसाची? वीस वर्षांपूर्वी धडधाकट जहाज घेतलं त्या दिवसाची, की आज भंगारात निघालं त्या दिवसाची? हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते ज्या गोष्टीवर कर लावताय तिचीच किंमत धरावी. कर भंगारावर असेल तर किंमतही भंगाराची. तरुणपणीचा फोटो लावून म्हातारपणीचं वजन करू नये.

तांदळाचं पोतं

आता जहाजावरच्या सामानाकडे वळू. कायद्यात याला 'स्टोअर्स' म्हणतात. व्याख्या ऐसपैस आहे : जहाजावर किंवा विमानात वापरायच्या वस्तू, आणि त्यात इंधन, सुटे भाग आणि इतर उपकरणं, मग ती लगेच बसवायची असोत वा नसोत. खलाशांचं जेवणही त्यातच.

कलम ८७ म्हणतं की जहाज 'फॉरेन गोइंग', म्हणजे परदेशी फेरीवर असेपर्यंत हे सामान ड्युटी न भरता जहाजावर वापरता येईल. हे अगदी रास्त आहे. दुबईहून न्हावाशेवाला आलेल्या जहाजाच्या आचाऱ्यानं भात टाकला म्हणून काही भारतात तांदळाची आयात झाली नाही. बंदरात जहाज उभं असताना दारू-सिगारेटच्या कोठडीला कस्टम्सचं सील लागतं तेही याच तर्कानं. जहाजावर आहे तोवर ते जहाजाचं, धक्क्यावर उतरलं की देशाचं.

पण तेच जहाज पुढे भारतातल्याच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायला लागलं, म्हणजे 'कोस्टल' झालं, की चित्र पालटतं. आता ते परदेशी फेरीवर नाही, म्हणून या फेरीत जळणाऱ्या तेलावर आणि शिजणाऱ्या तांदळावर ड्युटी लागू. पोतं तेच, कोठी तीच, आचारीही तोच. फक्त जहाजाचं स्टेटस बदललं. आपल्या भाषेत ऑब्जेक्ट तोच राहिला, पॅरेंटची स्टेट बदलली आणि सगळ्या चाइल्ड ऑब्जेक्टचा हिशेब फिरला.

ऐकायला विनोदी वाटतं, पण मला यात चूक दिसत नाही. मुंबई ते कोची माल नेणारा ट्रक कर भरलेलं डिझेल जाळतो. तीच फेरी करणाऱ्या जहाजानं करमुक्त तेल का जाळावं? इथे रेघ स्पष्ट आहे, ती कागदावर दिसते, तिची तारीख असते. रेघ दिसत असेल तर माणसं तिच्याशी जुळवून घेतात. भांडणं होतात ती रेघ धूसर असेल तिथे.

मुंबई हायवरची भांडणं

अशी एक धूसर रेघ आपल्या दाराशीच होती. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय. तिथे तेल खोदणाऱ्या रिग उभ्या असतात. त्यांना डिझेल लागतं, सुटे भाग लागतात. रिगवाल्यांचं म्हणणं असं : 'फॉरेन गोइंग' जहाजाच्या व्याख्येत भारताच्या सागरी हद्दीबाहेर काम करणारी जहाजंही येतात. सागरी हद्द १२ सागरी मैलांची. आम्ही त्याच्या कितीतरी बाहेर. म्हणजे आम्ही फॉरेन गोइंग, म्हणजे आमचे स्टोअर्स ड्युटीमुक्त!

युक्तिवाद शब्दशः वाचला तर बिनतोड वाटतो. पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अबान लॉइड चाइल्स ऑफशोअर या खटल्यात तो मान्य केला नाही. १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याखाली जे भाग 'डेझिग्नेटेड एरिया' म्हणून जाहीर झाले आणि जिथे कस्टम्स कायदा लागू केला गेला, ते या कायद्यापुरते भारताचाच भाग. तिथे उभी असलेली रिग परदेशी फेरीवर नाही, म्हणून तिच्यावर वापरलेल्या स्टोअर्सवर ड्युटी द्यावी लागेल.

मला हा निकाल पटतो. भारतासाठी तेल काढताय, भारताच्या परवान्यानं काढताय, आणि ड्युटीची वेळ आली की 'आम्ही परदेशात' हे काही बरोबर नाही. आता कोणी म्हणेल की देशाला तेल हवंय, खोदकाम स्वस्त पडलं पाहिजे. मान्य! मग तेलशोधाच्या सामानाला नाव घेऊन सूट द्या. तशी सूट दिली की ती अर्थसंकल्पात दिसते, तिच्यावर चर्चा होते, तिचा खर्च मोजता येतो आणि नको झाली की ती काढताही येते. 'फॉरेन गोइंग' या शब्दाला ताणून मिळवलेली सूट यातलं काहीच करू देत नाही. कोडमधला बग आवडला म्हणून त्याला फीचर म्हणू नये.

अलंगचं तेल

आता माझा खरा मुद्दा. गुजरातमध्ये भावनगरजवळ अलंग आहे. १९८३ पासून तिथे जहाजं तोडतात. भरतीच्या वेळी जहाज सरळ किनाऱ्यावर चढवायचं आणि मग महिनोन्महिने कापत राहायचं. आजवरचं सर्वात लांब जहाज म्हणून ओळखलं जाणारं ४५८ मीटरचं नॉक नेव्हिसही २००९-१० मध्ये तिथेच संपलं. जहाजातून निघालेल्या पोलादाच्या सळया होतात, आणि सोफे, गाद्या, क्रोकरी, लाइफबोटी रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला येतात. मुंबईकरांना हा धंदा दारूखान्यामुळे थोडाफार ठाऊक असतो. (दारू म्हणजे तोफेची हो, उगाच खूश होऊ नका.)

तोडायच्या जहाजाचा भाव एलडीटीवर ठरतो. एलडीटी म्हणजे रिकाम्या जहाजाचं स्वतःचं वजन. त्यात माल धरत नाहीत, टाक्यांमधलं इंधन धरत नाहीत, पाणी नाही, शिधा नाही, खलाशी नाहीत. एका टन एलडीटीला इतके डॉलर, गुणिले टन, संपला हिशेब. पण जहाज तर स्वतःच्या इंजिनावर येतं! म्हणजे पोचताना टाक्यांत थोडंफार तेल उरणारच. हे तेल एलडीटीत मोजलेलं नाही, पण सौद्यात जहाजाबरोबरच मिळालेलं आहे. मग त्यावर ड्युटी कोणत्या दरानं आणि कोणत्या किमतीवर?

१९९६ च्या एका सरकारी परिपत्रकानं उत्तर दिलं ते थोडक्यात असं : यंत्रांत आणि इंजिनांत असलेलं तेल जहाजाबरोबर ८९०८ मध्ये, बाकीचं तेल त्याच्या स्वतःच्या वर्गात, आणि शिधा वगैरेही आपापल्या वर्गात. यामागे तर्क नाही असं नाही. इंजिनाच्या नसांमधलं तेल हा यंत्राचाच भाग आणि टाकीतलं तेल हा साठा, हा फरक इंजिनियरलाही पटेल. पण प्रत्यक्षात वाद आला तो टाक्यांवर. इंजिन रूममधली टाकी आत की बाहेर? इंजिन रूमबाहेरच्या पण इंजिनालाच तेल पुरवणाऱ्या टाकीचं काय? त्यातून डिझेलची आयात सोम्यागोम्याला मोकळी नाही. त्यामुळे तेल वेगळं काढलं की फक्त दरच बदलत नाही, तर 'परवानगी होती का?' हा प्रश्नही उभा राहतो.

परिपत्रक १९९६ चं. आणि २०२२ मध्ये अहमदाबादच्या ट्रिब्युनलपुढे हाच विषय होता! ट्रिब्युनलनं म्हटलं की बंकर टाक्यांमधलं तेल, टाकी इंजिन रूमच्या आत असो वा बाहेर, जहाजाबरोबर ८९०८ मध्येच जाईल. मधली २६ वर्षं मोजा. जहाज आलं, तुटलं, वितळलं, त्याच्या सळया कुठल्यातरी सोसायटीच्या स्लॅबमध्ये गेल्या, त्या फ्लॅटचं होमलोनही फिटलं असेल. आणि टाकी आत होती की बाहेर हे ठरतंय अजून.

आता माझी बेरीज. समजा १०,००० एलडीटीचं जहाज ४०० डॉलर टनानं घेतलं. झाले ४० लाख डॉलर. टाक्यांत २०० टन तेल निघालं आणि ५०० डॉलर टनानं त्याची किंमत १ लाख धरली. (आकडे माझे, हिशेबापुरते.) तेल वेगळ्या वर्गात टाकायचं असेल तर टाका. पण मग जहाजाची किंमत ३९ लाख धरा. जहाज ४० लाख आणि वर तेल १ लाख, असे ४१ लाख धरले तर जो १ लाख डॉलर कोणी कोणाला दिलाच नाही त्यावर कर लागतो. ती 'ट्रान्झॅक्शन व्हॅल्यू' कशी? प्रोग्रामिंगमध्ये याला इन्व्हेरियंट म्हणतात. आत काय वाटेल ते करा, पण ही एक गोष्ट शेवटपर्यंत खरी राहिली पाहिजे.

सौदाच काही वेगळं बोलत असेल तर अर्थात त्याचं ऐका. चालवण्यासाठी जुनी जहाजं विकत घेतात तेव्हा बहुतेक वेळा नॉर्वेजियन सेलफॉर्म नावाचा ठरलेला करारनामा वापरतात. त्यात उरलेलं इंधन आणि न वापरलेलं वंगण यांचे पैसे खरेदीदार जहाजाच्या किमतीशिवाय वेगळे देतो. तिथे बेरीजच मुळात दोन आकड्यांची आहे. प्रश्नच नाही. म्हणजे व्यापाऱ्यांना ही रेघ ओढता येते, आणि ते ती कागदावर ओढतात. कस्टम्सनं तीच रेघ वाचावी, टॉर्च घेऊन टाक्यांमध्ये नवी शोधू नये.

'पण मग लबाडी?'

हा आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. उद्या कोणी भंगार जहाजाच्या टाक्या काठोकाठ भरून आणल्या आणि 'हे सगळं जहाजातच आलं' म्हटलं तर? अधिकाऱ्याची शंका चुकीची नाही. जहाजाचा दर कमी आणि तेलाचा जास्त असेल तर जहाज म्हणजे तरंगतं पिंपच होईल.

पण याला टाकीची जागा हे उत्तर नाही. लबाड माणूस आतली टाकीही भरेल की! उत्तर आहे प्रमाण. शेवटच्या बंदरापासून अलंगपर्यंत या इंजिनाला किती तेल लागतं हे चीफ इंजिनियरच्या लॉगबुकातून काढता येतं. त्यावर सुरक्षिततेसाठी ठरावीक टक्के जादा धरा. तेवढं जहाजाबरोबर, त्यावरचं सगळं वेगळ्या वर्गात, आणि वेगळं काढलेलं जहाजाच्या किमतीतून वजा. एका पानात मावणारा नियम आहे. लहानात लहान यार्डवाल्यालाही जहाज घ्यायच्या आधी आपली ड्युटी किती हे कळेल. आज धूसरपणाचा फायदा कोणाला होतो? ज्याच्याकडे वकील आणि बँक गॅरंटी आहे त्याला. बाकीचे भीतीनं जादा भरतात किंवा अंदाजानं कमी भरून नोटिशीची वाट बघतात.

एकाच पैशावर दोन नावांनी कर लावायची हौस फक्त जहाजांपुरती नव्हती, हेही सांगायला हवं. जीएसटी आल्यावर आयातदारांकडून समुद्री भाड्यावर वेगळा आयजीएसटी मागितला गेला, जेव्हा ते भाडं मालाच्या किमतीत आधीच धरून त्यावर कर भरलेला होता. २०२२ मध्ये मोहित मिनरल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. तिथेही मुद्दा बेरजेचाच होता.

सरकारला हे कळत नाही असं मी म्हणत नाही. २०१४ च्या अर्थसंकल्पात तोडायच्या जहाजांवरची मूळ ड्युटी ५ टक्क्यांवरून २.५ वर आणली. २०२५ च्या अर्थसंकल्पात जहाजबांधणीच्या कच्च्या मालाची सूट आणखी दहा वर्षं चालू ठेवली आणि जहाजतोडणीलाही तशीच वागणूक देण्याचं जाहीर केलं. हे नाव घेऊन दिलेलं, उघड. असंच हवं. पण दर कितीही खाली आणला तरी 'कशावर?' हे पक्कं नसेल तर धंदेवाल्याच्या डोक्यावरची टांगती तलवार तशीच राहते. आणि जहाजतोडणी म्हणजे फक्त चार शेठजी नव्हेत. तिथे गॅस कटर घेऊन उन्हात उभी असलेली माणसं आहेत. सुरक्षेवर खर्च करायला मालकाकडे पैसा हवा, तो नोटिशींत अडकू नये. हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झालाय, यार्डांना खर्च वाढवावाच लागणार आहे. अशा वेळी निदान हिशेब तरी सरळ असावा.

तुम्ही पुढच्या वेळी परदेशातून काही मागवाल आणि कस्टम्सचा आकडा बघून चक्रावाल, तेव्हा एवढंच तपासा : त्यांनी धरलेल्या किमतीत तुम्ही खरोखर मोजलेल्या पैशाव्यतिरिक्त काय काय आहे, आणि ते कोणत्या नियमानं आलं? कर किती असावा यावर आपण भांडू शकतो, भांडलंही पाहिजे. बेरीज किती यावर भांडायची वेळ येऊ नये.

असो. चहा गार झाला असेल. कोणी मर्चंट नेव्हीतले किंवा कस्टम्स ब्रोकर मंडळी वाचत असतील तर जरूर लिहा. प्रत्यक्ष जहाजावर तेलाच्या टाक्या मोजलेल्या माणसाचं ऐकायला मला मनापासून आवडेल.